गावातलं जुनं घर पाहुण्यांसाठी: दुरुस्ती कुठे करायची, हात कुठे आखडता घ्यायचा

गावातल्या जुन्या घराचं अतिथिगृह करायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती दिसण्याची. कौलं तीच ठेवायची का, दाराला पॉलिश लावायचं की तेल, भिंतींना मातकट रंग दिला तर फोटो चांगले येतील का. पण घर देखणं होतं म्हणून शंभर वर्षं टिकलेलं नसतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट होती आणि रोज कोणीतरी घरात वावरत होतं, म्हणून ते टिकलं. अतिथिगृह झालं की नेमक्या याच दोन गोष्टी बिघडतात. पाण्याचा वापर कैक पटींनी वाढतो, आणि पन्नास वर्षं राहिलेलं कुटुंब जाऊन दोन रात्री राहणारी माणसं येतात. छपरातून ठिबकणारा थेंब त्यांच्या लक्षात येत नाही. आला तरी तो त्यांचा प्रश्न नसतो.

म्हणून या कामाचा विचार पाण्यापासून सुरू करावा असं माझं मत आहे. सजावटीचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

भिंतीतली ओल

जुन्या भिंती माती, कच्च्या विटा, दगड आणि चुना यांच्या असतात. या सगळ्यांना बारीक छिद्रं असतात. जमिनीतली ओल या छिद्रांतून थोडी वर चढते, पावसाचा मारा बाहेरून थोडा मुरतो, आणि ऊन-वारा लागला की तेवढंच पाणी वाफ होऊन उडून जातं. भिंत कधीच पूर्ण कोरडी नसते. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी यांचा मेळ बसलेला असतो, इतकंच.

चुन्याचा गिलावा हा मेळ मोडत नाही. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की चुनकळी मिळते. ती पाण्यात विझवून मुरवली की कामाचा चुना तयार होतो, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुन्हा चुनखडी बनतो. हे सावकाश होतं. थर जाड असेल तर महिनोन्‌महिने. त्याने तयार होणारा पृष्ठभाग सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि त्यातून वाफ आरपार जाते. सिमेंटचं तसं नाही. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या पोर्टलंड सिमेंटच्या घराण्यातलं आजचं सिमेंट पाण्याशी संयोग होऊन कडक होतं, लवकर होतं आणि घट्ट होतं. नव्या काँक्रीटच्या घराला ते उत्तम. जुन्या मातीच्या भिंतीवर मात्र तोच गुण मुळावर येतो.

कसा, ते पाहा. भिंतीच्या पायथ्याला ओल दिसते. कोणीतरी म्हणतं, सिमेंटचा गिलावा मारून टाका. मारला की दोन वर्षं भिंत झकास दिसते. आत मात्र ओलीची बाहेर पडायची वाट बंद झालेली असते, म्हणून ती वर सरकते आणि जिथे गिलावा संपतो तिथे डोकं वर काढते. पाण्यासोबत विरघळून आलेले क्षार गिलाव्यामागेच साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा पोपड्यांनी सुटतो, कधी दगडाचा वरचा पापुद्रा घेऊन. मातीची भिंत असेल तर धोका मोठा. सतत ओली राहिलेली माती ताकद गमावते, आणि बाहेरचं कवच शाबूत असल्याने आतली खराबी दिसत नाही. जलरोधक रंग आणि रासायनिक लेपांचीही हीच गत.

दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरतानाही हेच सूत्र: भरणीचा माल दगडापेक्षा कमजोर असावा. भिंत थोडी हलली किंवा क्षार आले, तर झीज दरजेत व्हावी, दगडात नव्हे. दरज म्हणजे भिंतीतला फ्यूज समजा. तो जळतो तेव्हा काम करत असतो. दर काही वर्षांनी दरज पुन्हा भरावी लागते यात गवंड्याची चूक नसते, तीच तर रचना आहे.

आधीच सिमेंट लावलेलं असेल तर? ठोकून पोकळ आवाज आला, तर अलगद काढावं. घट्ट चिकटलेलं असेल आणि काढताना दगडाचं तोंड सोबत येत असेल, तर तूर्त राहू द्यावं. हटवण्याच्या उत्साहातही घरं खराब होतात.

आणि हे सगळं करण्याआधी एक फुकटात पडणारं काम असतं, ते फार कमी लोक करतात. वर्षानुवर्षं अंगण भरत जातं, फरशीवर फरशी चढते, आणि बाहेरची जमीन जोत्याच्या वर येते. मग पावसाचं पाणी थेट भिंतीत. बाहेरची पातळी आतल्या जमिनीखाली किमान वीतभर उतरवा, उतार घरापासून दूर काढा, पन्हळी साफ करा, फुटलेली कौलं बदला. एवढं करून एक पूर्ण वर्ष थांबा. पुष्कळ भिंती याने आपोआप सुकतात, आणि ज्या सुकत नाहीत त्या ओळखू येतात. ठेकेदाराला थांबणं आवडत नाही. मालकाला आवडायला हवं.

लाकूड, आणि त्यावर चढणारं वजन

लाकडाचं गणित सोपं आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. म्हणून मधला वासा दोनशे वर्षं ठणठणीत असतो आणि त्याचं भिंतीत गेलेलं टोक भुसा झालेलं असतं. तपासणी तिथूनच करायची. तुळईच्या टोकाला, खांबाच्या बुडाला, पन्हळीखालच्या वाशाला साधा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहायचा. चांगलं लाकूड तो आत घेत नाही. लोण्यासारखा शिरला तर किती खोल शिरतो ते मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं. रंगाच्या मुलायम थरामागे काय दडलंय ते यातून अर्ध्या दिवसात कळतं.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई फेकायची गरज क्वचितच असते. कुजका भाग कापून त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या खाचांच्या सांध्याने जोडता येतो. जपानमधले सुतार खांबाचं बूड असंच बदलतात. खांब टेकू देऊन किंचित उचलायचा, खालचा कुजका हात-दीड हात काढायचा आणि नवा तुकडा एकमेकांत अडकणाऱ्या खाचांनी असा बसवायचा की भार सरळ खाली जाईल. जुना काळपट खांब आणि बुडाशी उजळ लाकूड असा फरक स्पष्ट दिसतो. दिसू द्यावा. वाळवीचंही मूळ ओलच. जमिनीतली वाळवी मातीच्या बोगद्यांतून ओल घेऊन चढते, म्हणून लाकूड आणि माती यांचा थेट स्पर्श तोडणं हे कुठल्याही फवारणीपेक्षा टिकाऊ काम.

वजनाचा हिशेब मात्र बहुतेक जण करतच नाहीत. माडीवरची लाकडी जमीन माणसांच्या आणि धान्याच्या भाराला पुरलेली असते. तिच्यावर फरशी बसवायला ५ सेंटिमीटरचा सिमेंटचा थर टाकला, की प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलोहून जास्त कायमचं वजन चढतं. घरांच्या जमिनीसाठी सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वावराचा भार धरतात, हे लक्षात घेतलं की त्या थराने किती वाटा खाल्ला ते कळतं. माडीवर बाथटब ठेवायचा मोह झाला तर टब, पाणी आणि माणूस मिळून तीनशे किलोच्या पुढे जातं, तेही एका जागी. संरचना अभियंत्याची फी वाचवायची ही जागा नव्हे. आणि अभियंता जुन्या बांधकामाचा अनुभव असलेलाच हवा, कारण ज्याने फक्त काँक्रीट हाताळलंय तो घाबरून सगळीकडे काँक्रीटच सुचवतो.

जड काँक्रीट जुन्या बांधकामावर चढवल्याने काय होतं याचं उदाहरण इटलीत आहे. आब्रुत्सो भागातल्या सांतो स्तेफानो दि सेस्सानियो या डोंगरी गावात मेदिची घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा दगडी मनोरा होता. आधीच्या एका दुरुस्तीत त्याच्या माथ्यावर काँक्रीट घातलं होतं. ६ एप्रिल २००९ ला लाक्विलाचा भूकंप झाला आणि मनोरा कोसळला. दगडाची भिंत आणि माथ्यावरचा ताठ, जड थर भूकंपात वेगवेगळे हलतात आणि थर भिंतीला हातोड्यासारखा हाणतो, असं अभियंते सांगतात. भूकंपाच्या प्रदेशात जुन्या घराला बळकटी लागतेच. पण ती भिंती एकमेकींना बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी, लाकडी बंधांनी, छपराची भिंतीशी पक्की गाठ मारून देता येते. वजन न वाढवता.

खरा पेच न्हाणीघराचा

कितीही पारंपरिक घर आवडणारा पाहुणा असो, रात्री दोन वाजता अंगण ओलांडून संडासला जायला तो तयार नसतो. खोलीला लागून न्हाणीघर हवंच, आणि जुन्या घराला सर्वांत जास्त इजा त्यानेच होते. पाइपसाठी भिंती फोडल्या जातात, मातीच्या भिंतीला टाइल चिकटवल्या जातात, आणि सांध्यातून झिरपणारं पाणी नेमकं तुळईच्या टोकावर जातं.

पहिला पर्याय जागेचा. मुख्य घराला हात न लावता मागचा गोठा, कोठार किंवा पडवी यांत न्हाणीघरं बसतात का, ते आधी पाहावं. या जागा मुळातच कमी महत्त्वाच्या असतात, जमिनीवर असतात आणि सांडपाण्याला जवळ असतात. पाच खोल्यांना पाच कोपऱ्यांत पाच न्हाणीघरं देण्यापेक्षा पाण्याची सगळी कामं एका बाजूला आणली तर पाइप कमी, गळतीच्या जागा कमी.

मुख्य घरातच करायचं झालं तर घरात एक वेगळी पेटी उभारायची. हलक्या चौकटीची, स्वतःच्या भिंतींची, स्वतःच्या जलरोधक तळाची. जुन्या भिंतीपासून ती चार बोटं अलग ठेवायची, म्हणजे मधून हवा खेळते. पाइप भिंतीत गाडायचे नाहीत, दिसतील असे बाहेरून न्यायचे. थोडे विद्रूप वाटतात हे खरं, पण गळले तर त्याच दिवशी कळतं. उद्या अतिथिगृह बंद झालं तर स्क्रू काढून अख्खी पेटी बाहेर नेता येते आणि खोली जशीच्या तशी उरते. पूर्ववत करता येईल असाच बदल करावा, हे वारसा जतनाचं तत्त्व ऐकायला मोठं वाटतं. न्हाणीघरात ते स्क्रू आणि खिळ्यांच्या पातळीवर समजतं.

पाणी नळातूनच येतं असंही नाही. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. त्यात गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ मिळवा. पूर्वी ही वाफ कौलांच्या फटींतून, उघड्या खिडकीतून निघून जायची. आता एसीसाठी खोली हवाबंद होते, थंड पृष्ठभागांवर पाणी धरतं आणि कपाटामागे काळी बुरशी उगवते. न्हाणीघराला बाहेर हवा फेकणारा पंखा आणि छपराखाली वाफेला सुटका, या दोन्ही गोष्टी एसीच्या आधीच्या यादीत हव्यात. उकाडा किंवा थंडी कमी करायची तर पहिलं काम छपराखालच्या उष्णतारोधक थराचं. जाड भिंती आपलं काम करतच असतात, छप्पर करत नाही.

सांडपाण्याचं एकच सांगतो. घरातल्या पाच माणसांचा वापर दिवसभर विखुरलेला असतो. दहा पाहुणे सकाळी आठ ते नऊमध्ये एकदम आंघोळी करतात. मैलापाण्याची टाकी सरासरीवर नव्हे, त्या एका तासावर मापून बांधावी, आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासून दूर. गावात वैर घ्यायला याहून सोपी वाट नाही.

विजेचंही तसंच. जुनी वायरिंग चार दिव्यांसाठी असते. चार खोल्यांतले दोन-दोन किलोवॉटचे गिझर एकाच वेळी चालू झाले तर ८ किलोवॉट भार होतो, २३० व्होल्टच्या सिंगल फेज जोडणीवर साधारण ३५ अँपिअर. लाकूड आणि गवताच्या घरात तापलेली वायर म्हणजे आग.

आगीबद्दल गंभीर व्हा

राहत्या घराला अंधारातही घर ओळखणारी माणसं असतात. पाहुण्याला दार कुठल्या बाजूला आहे तेही झोपेत आठवत नाही. म्हणून घराचं अतिथिगृह झालं की बहुतेक देशांत कायदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो: धुराचे इशारे देणारी यंत्रं, आणीबाणीचे दिवे, बाहेर पडायची दुसरी वाट, जिन्याची रुंदी. जुनी घरं यांत अडकतात हे ओळखून जपानने नियम थोडे सैल केले. घराचा वापर बदलताना बांधकामाची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा तिथे १०० चौरस मीटर होती, ती २०१९ मध्ये २०० वर नेली. कागद कमी झाला, सुरक्षेच्या अटी मात्र राहिल्या.

जपानमधल्या शिराकावा-गो इथली गवताने शाकारलेली उभट छपरांची घरं १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. त्यातली काही घरं पाहुण्यांना उतरवतात. एका घराला आग लागली तर गाव जाईल, म्हणून वस्तीभर पाण्याच्या तोफा बसवल्यात आणि दरवर्षी शरद ऋतूत सगळ्या एकदम सुरू करून त्यांची चाचणी होते. त्या दिवशी गावावर पाण्याच्या कमानी उभ्या राहतात आणि लोक ते बघायला गर्दी करतात. तमाशा नंतरचा, मुळात ती कवायत आहे.

याच छपरांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. घराच्या मधोमध पेटणाऱ्या चुलाण्याचा धूर गवतात चढायचा, गवत कोरडं ठेवायचा आणि कीड दूर ठेवायचा. स्वयंपाक गॅसवर गेला, धूर बंद झाला, की तेच छप्पर लवकर कुजायला लागतं. म्हणजे आगीच्या भीतीने चुलाणं कायमचं विझवलं तर छप्पर जातं, आणि पेटतं ठेवलं तर राखायला माणूस लागतो. जुन्या घरातल्या सवयी अशा बांधकामाचाच भाग असतात. एखादी सवय बंद करताना तिचं काम आता कोण करणार, हे विचारावं.

किती जुनं ठेवायचं?

हा वाद जुना आहे. १८७७ मध्ये लेखक आणि कारागीर विल्यम मॉरिसने इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती पडझडीविरुद्ध जितकी, तितकीच अतिउत्साही जीर्णोद्धाराविरुद्ध. त्या काळी इमारती खरवडून, नंतरची भर काढून टाकून, त्या मूळ कशा असतील अशा कल्पनेबरहुकूम ‘शुद्ध’ केल्या जात. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने, काही गोष्टी नेमक्या शब्दांत मांडल्या. इमारत समाजाच्या उपयोगात असणं चांगलंच, पण त्या उपयोगापायी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. नव्याने बसवलेला भाग जुन्याशी जुळावा, तरी ओळखू यावा. वेगवेगळ्या काळांत पडलेल्या भरीचाही मान राखावा.

मोठ्या स्मारकांसाठी लिहिलेले हे नियम चार खोल्यांच्या घराला कसे लागू होतात? समजा खिडकीची झडप गायब आहे आणि तिचा फोटो नाही. शेजारच्या घरावरून नक्षी उचलून, लाकूड काळं करून ‘पुरातन’ झडप बसवणं ही बनवाबनवी झाली. त्याच मापाची साधी, आजची झडप बसवावी. घराला साठ वर्षांपूर्वी कोणी रंगीत काचा बसवल्या असतील तर त्या काढून घर अजून जुनं करायच्या फंदात पडू नये. त्या काचाही आता घराच्याच. दुसऱ्या कुठल्या पाडलेल्या घराचे खांब विकत आणून आपल्या घरात उभे करण्याचा प्रकार तर मला सर्वांत खटकतो. एक घर सजवायला दुसऱ्याची मोडतोड होते, आणि मागणी वाढली की आणखी घरं त्याच कारणाने पाडली जातात.

लाकडाच्या, मातीच्या घरांचा प्रश्न थोडा निराळा. त्यांतलं साहित्य बदलतच राहतं. गवत काही दशकांत नवं येतं, लिंपण दर वर्षी. मग अस्सल काय उरलं? १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे झालेल्या वारसा जतनाविषयीच्या दस्तऐवजाने मान्य केलं की अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या आत शोधायला हवी. वस्तूइतकंच ती करण्याचं ज्ञान आणि वापरही महत्त्वाचे. हे पटलं तर खर्चाचा क्रम बदलतो. यंत्राने कापलेल्या नव्या कोरीव दारापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली दोन तरुणांना वर्षभर चुन्याचं काम शिकायला ठेवणं हे जास्त मोठं जतन.

सोयीचं काय, तर पाहुण्याला चांगली गादी, गरम पाणी आणि सुकी चादर यांत तडजोड नको. बाकी बऱ्याच गोष्टी तो आनंदाने सोडतो. ब्रिटनमधला लँडमार्क ट्रस्ट १९६५ पासून पडीक ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने देतो, आणि त्यांत मुद्दाम टीव्ही ठेवत नाही. सांतो स्तेफानोत दानिएले किल्ग्रेन या उद्योजकाने रिकामी घरं घेऊन अतिथिगृह केलं, तेव्हा चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या भिंती तशाच ठेवल्या. जपानच्या इया खोऱ्यात अमेरिकी लेखक अ‍ॅलेक्स केरने १९७३ मध्ये घेतलेल्या गवती छपराच्या घरात नंतर जमिनीखालून ऊब देणारी यंत्रणा आणि नवं स्नानगृह आलं, पण जमिनीतलं चुलाणं आणि वरची उघडी तुळयांची रांग राहिली. नवं आहे ते मुख्यतः जमिनीखाली आणि मागच्या बाजूला. क्रम हाच असावा.

घराभोवती गाव असतं

६ मे १९७६ ला इटलीच्या फ्रिऊली भागात भूकंप झाला. ९०० हून जास्त माणसं गेली. पुढे गावं पुन्हा बांधली गेली, घरं दुरुस्त झाली, पण राहायला माणसं परतली नाहीत. त्या रिकाम्या घरांचं काय करावं या विचारातून १९८२ मध्ये तिथल्या कोमेलियान्स गावात ‘विखुरलेलं हॉटेल’ ही कल्पना निघाली, आणि पर्यटनाचे अभ्यासक जानकार्लो दाल्लारा यांनी पुढे तिला आकार दिला. नवी इमारत बांधायची नाही. गावातल्या वेगवेगळ्या घरांत खोल्या, एका घरात स्वागतकक्ष, जेवण कुठे तरी तिसरीकडे, आणि सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. सार्डिनियाने १९९८ मध्ये त्याला कायद्यात जागा दिली. या कल्पनेतली एक अट फार मोलाची आहे: गावात खरीखुरी वस्ती हवी. दाल्लारा यांच्या मांडणीत रिकाम्या गावाचं असं हॉटेल होऊच शकत नाही.

कारण उघड आहे. पाहुणा येतो ते ओट्यावर बसलेली माणसं, चालू असलेलं सुताराचं दुकान, संध्याकाळचा आवाज यांच्यासाठी. अतिथिगृह चाललं की शेजारीही घर भाड्याने देतो, घरांच्या किमती चढतात, गावातल्याच तरुण जोडप्याला तिथे घर परवडत नाही, शाळा बंद पडते. शेवटी उत्तम दुरुस्त केलेल्या घरांचा निर्जन देखावा उरतो. इटलीतल्या मातेरात १९५२ च्या कायद्याने गुहांमधल्या घरांतून सुमारे १५ हजार लोकांना हलवलं, १९९३ मध्ये तीच वस्ती जागतिक वारसा झाली, आणि आज त्या गुहांत हॉटेलं आहेत. दगड वाचले, पण पूर्वीचा शेजार परत आला नाही. ऑस्ट्रियातलं हालश्टाट जेमतेम साडेसातशे वस्तीचं. गर्दीच्या दिवसांत तिथे दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात आणि गावकऱ्यांना रस्त्यावर उतरून विरोध करावा लागतो.

शिराकावा-गोच्या रहिवाशांनी पर्यटक फारसे नसतानाच, १९७१ मध्ये, आपसांत ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. पाहुणे उतरवणारी कुटुंबं स्वतः त्याच घरात राहतात. ह्योगो प्रांतातल्या मारुयामा या वाडीने दुसरी वाट धरली. तिथल्या १२ घरांपैकी ७ रिकामी होती. त्यातली काही दुरुस्त करून २००९ पासून पाहुण्यांना द्यायला लागले. मालकी मूळ कुटुंबांकडेच, घरं ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिलेली, आणि कारभारात गावकरी. विक्रीपेक्षा ही मुदतीची व्यवस्था मला अनेक ठिकाणी जास्त शहाणपणाची वाटते. जुन्या घराला बहुधा डझनभर वारस असतात, निम्मे परगावी. सगळ्यांच्या विक्रीच्या सह्या मिळवण्यात वर्षं जातात, मिळाल्या तरी घर गावाच्या हातून जातं. पंधरा वर्षांच्या वापरासाठी मात्र बरेचसे वारस तयार होतात, कारण घर दुरुस्त होऊन परत मिळणार असतं. करारात दुरुस्ती कोणाची, मुदतीनंतर काय स्थितीत परत द्यायचं आणि मधे वारस बदलला तर काय, एवढं स्वच्छ लिहिलेलं हवं.

सुरुवात किती खोल्यांनी करायची यावरही गावात आधी बोलावं. किती घरं पाहुण्यांसाठी आणि किती राहण्यासाठी याचा आकडा उत्पन्न सुरू व्हायच्या आधी ठरतो, नंतर ठरत नाही.

कामाची वाटणी अशी करता येते. हात लावण्याआधी प्रत्येक खोलीची मापं, नकाशे, फोटो. भेगांवर जिप्समच्या पट्ट्या लावून त्या ऋतूंमध्ये तुटतात का हे पाहणं. पहिल्या वर्षी छप्पर आणि पाण्याचा निचरा. मग संरचना आणि लाकूड. मग वायरिंग, पाणी, न्हाणीघरं. गिलावा आणि रंग सर्वांत शेवटी, भिंती सुकल्यावर. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर केली की हा क्रम हमखास उलटा होतो आणि ओल्या भिंतीवर रंग चढतो. उत्पन्नातला एक हिस्सा पहिल्या महिन्यापासून दुरुस्तीसाठी बाजूला पडायला हवा, कारण चुना, गवत आणि दरजा यांचा खर्च कधी संपत नाही. आणि घराची एक वही ठेवावी: कुठला वासा कधी बदलला, चुन्यात काय मिसळलं होतं, पाइप कुठून नेलेत, कुठल्या कोपऱ्यात ओल आली होती. पुढचा गवंडी भिंत फोडण्याआधी ती वही मागेल.